गोल शिक्क्यापासून सुरुवात करा : ओपन सोर्स ग्राफिक्समधला उन्हाळी प्रकल्प कसा निवडाल?

जानेवारी उजाडला की वाशिम, कारंजा, रिसोड, मंगरूळपीरकडच्या इंजिनिअरिंग, बीसीए आणि पॉलिटेक्निकच्या मुलामुलींकडून ठरावीक प्रश्न येऊ लागतात. ‘समर ऑफ कोडला ग्राफिक्सचा कोणता प्रोजेक्ट घेतला तर सिलेक्शन होईल?’ ‘मला चित्र काढता येत नाही, मग गिम्प किंवा ब्लेंडरकडे जाऊ का?’ ‘आमची परीक्षाच जूनमध्ये असते, काय करायचं?’ पालक विचारतात ते वेगळेच : ‘एका क्लासवाल्याने सिलेक्शनची हमी देऊन रजिस्ट्रेशनचे पैसे मागितलेत. भरू का?’

शेवटच्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो : भरू नका. गूगल समर ऑफ कोडमध्ये अर्जापासून शेवटच्या मूल्यमापनापर्यंत विद्यार्थ्याला एक रुपयाही द्यावा लागत नाही, आणि निवडीची हमी कोणीच देऊ शकत नाही. बाकीच्या प्रश्नांना जरा सविस्तर उत्तरे लागतात.

आधी एवढे माहीत असू द्या

समर ऑफ कोड २००५ पासून चालू आहे. पैसे गूगल देते, पण काम गूगलचे नसते. ते इंकस्केप, गिम्प, ब्लेंडर अशा ओपन सोर्स संस्थांचे असते आणि कोणाला घ्यायचे हेही त्या संस्थांचे लोकच ठरवतात. २०२२ पासून विद्यार्थी असण्याची सक्ती नाही. वय १८ पूर्ण हवे आणि तुम्ही विद्यार्थी तरी असावे किंवा ओपन सोर्सच्या कामात नवखे तरी. वर्षाचा क्रम साधारण असा :

- फेब्रुवारीअखेर : त्या वर्षीच्या संस्थांची यादी जाहीर होते.
- मार्चचा मध्य ते एप्रिलचा पहिला आठवडा : प्रपोजल भरण्याची मुदत. अखेरच्या दिवशी ही मुदत सहसा आपल्या घड्याळात रात्री ११.३० वाजता संपते.
- मेची सुरुवात : निकाल. त्यानंतरचे काही आठवडे ओळखपाळख आणि तयारीचे.
- मेअखेर किंवा जूनची सुरुवात : प्रत्यक्ष काम सुरू.
- जुलैचा मध्य : पहिले मूल्यमापन. ऑगस्टअखेर : शेवटचे.

प्रकल्प तीन आकारांचे असतात : सुमारे ९० तासांचा लहान, १७५ तासांचा मध्यम आणि ३५० तासांचा मोठा. अलीकडच्या वर्षांत भारतातल्या विद्यार्थ्याला त्यासाठी अनुक्रमे ७५०, १५०० आणि ३००० डॉलर मिळत आले आहेत. आकडे दरवर्षी जाहीर होतात, तेव्हा अर्जाआधी चालू वर्षाचे पाहून घ्या. ४५ टक्के रक्कम पहिल्या मूल्यमापनानंतर मिळते, उरलेली ५५ टक्के शेवटी.

आकार ठरवताना परीक्षा आणि पेरणी दोन्ही मोजा

इथेच आपल्याकडची बरीच मुले चुकतात. पैसे जास्त म्हणून मोठा प्रकल्प मागतात. ३५० तास बारा आठवड्यांत वाटले तर आठवड्याला जवळपास तीस तास पडतात. संत गाडगे बाबा अमरावती विद्यापीठाच्या उन्हाळी परीक्षा मेपासून पुढे जून-जुलैपर्यंतही सरकू शकतात. त्यात मृगाचा पाऊस वेळेवर आला की घरी सोयाबीन-तुरीची पेरणी असते, आणि त्या आठ-दहा दिवसांत शेतकरी घरातला मुलगा किंवा मुलगी लॅपटॉपपुढे बसून राहू शकत नाही. बसून राहावे असेही मी म्हणणार नाही. हे सगळे आधीच कॅलेंडरवर मांडा आणि प्रपोजलमध्ये लिहा. युरोपातल्या मेंटरला, म्हणजे संस्थेतल्या तुमच्या मार्गदर्शकाला, पेरणी म्हणजे काय हे दोन वाक्यांत सांगितले तर कळते. न सांगता दहा दिवस गायब झालेला विद्यार्थी मात्र त्याला कळत नाही.

कामाचा कालावधी बारा आठवड्यांचाच असतो असे नाही. संस्थेची तयारी असेल तर तो २२ आठवड्यांपर्यंत लांबवता येतो. म्हणून आपल्या जिल्ह्यातल्या, विद्यापीठाची परीक्षा देणाऱ्या विद्यार्थ्याने पहिल्या खेपेला १७५ तासांचा प्रकल्प घ्यावा आणि मुदत सोळा-अठरा आठवड्यांची मागावी, असे माझे स्पष्ट मत आहे. सी किंवा सी++ मध्ये अजून हात बसला नसेल तर ९० तासांचा घ्या. त्यात कमीपणा काही नाही. लहान काम पूर्ण करून ते सॉफ्टवेअरमध्ये सामील झालेले पाहणे हे मोठे काम अर्धवट सोडण्यापेक्षा पुढच्या नोकरीसाठीही जास्त उपयोगाचे ठरते.

चित्र काढता यायलाच हवे असे नाही

ग्राफिक्स सॉफ्टवेअरमधली बहुतेक कामे प्रोग्रामिंगची असतात : फाइल वाचणे आणि लिहिणे, मजकूर मांडणे, पडद्यावरची बटणे आणि पॅनेल सुधारणे, वेग वाढवणे, चाचण्या लिहिणे. मात्र ते सॉफ्टवेअर तुम्ही स्वतः वापरलेले असले पाहिजे. ज्याने इंकस्केपमध्ये एक लग्नपत्रिकाही केलेली नाही, त्याला तिथे काय अडते हे कळणार नाही आणि त्याच्या प्रपोजलमध्ये ते लगेच दिसते.

आणि विद्यार्थ्याला असे काम झेपेल का, ही शंकाही नको : गिम्प हीच मुळात दोन विद्यार्थ्यांची निर्मिती. स्पेन्सर किमबॉल आणि पीटर मॅटिस यांनी १९९५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठात शिकत असताना ती सुरू केली.

कोणत्या सॉफ्टवेअरकडे जाल?

- इंकस्केप : रेषाचित्रे, लोगो, पत्रिका, फलक यांसाठी. गाभा सी++ मध्ये. शिवाय पायथनमध्ये लिहिलेले एक्स्टेन्शन वेगळे जोडता येतात, त्यामुळे सी++ न येणाऱ्यालाही दार उघडे असते. कॉर्लड्रॉ वापरलेल्यांना हे सर्वात ओळखीचे वाटेल. अर्जाआधी छोट्या दुरुस्त्या स्वीकारल्या गेलेल्या असाव्यात, असा आग्रह इथे धरला गेलेला आहे.
- गिम्प : फोटो आणि प्रतिमा. भाषा सी, प्लगिनसाठी पायथन. मार्च २०२५ मध्ये ३.० आवृत्ती आली आणि जुने अनेक प्लगिन चालेनासे झाले. ते नव्या आवृत्तीवर आणणे हे नवख्याच्या आवाक्यातले काम आहे.
- क्रिता : रंगकाम आणि हास्यचित्रे. सी++ आणि क्यूटी. समर ऑफ कोडमध्ये हे केडीई या मोठ्या संस्थेच्या छत्राखाली येते, म्हणून यादीत ‘क्रिता’ दिसले नाही तर निराश होऊ नका, ‘केडीई’ शोधा.
- ब्लेंडर : त्रिमिती आणि ॲनिमेशन. सी, सी++ आणि पायथन. प्रसिद्ध आहे म्हणून गर्दी सर्वात जास्त इथेच, आणि संगणकही दमदार लागतो.
- सिनफिग : द्विमिती ॲनिमेशन. सी++. संघ लहान आहे.
- फ्रीकॅड, ओपनएससीएडी, लिब्रेकॅड : मेकॅनिकल आणि सिव्हिलच्या मुलांनी इथे जरूर पाहावे. या संस्था अनेकदा बीआरएल-कॅड या संस्थेच्या छत्राखाली आलेल्या आहेत.

संस्थांची यादी दरवर्षी नव्याने ठरते. मागच्या वर्षी होती म्हणून यंदा असेलच, असे धरून चालू नका. म्हणून डिसेंबर-जानेवारीत एका संस्थेचे काम मनापासून सुरू करा आणि दुसऱ्या एका संस्थेवर नुसती नजर ठेवा. प्रपोजल तीनपर्यंत देता येतात, निवड एकाचीच होते. तीन कच्ची देण्यापेक्षा एक पक्के द्या.

जी चूक तुमच्या डोळ्यांना दिसते, ती निवडा

आता मुख्य गोष्ट. मेंटरसमोर जगभरातून प्रपोजल येतात. त्यातली बरीच संस्थेच्या कल्पनांच्या यादीतून जशीच्या तशी उचललेली असतात. वाशिमच्या विद्यार्थ्याकडे त्या गर्दीत वेगळे काय आहे? देवनागरी वाचणारा डोळा आहे. हा डोळा बहुतेक मेंटरांकडे नसतो. पडद्यावर मराठी अक्षर मोडले तर त्यांना ते कळतही नाही, तुम्हाला एका नजरेत कळते. ज्या प्रकल्पातली चूक स्वतःला दिसते आणि दुरुस्त झाल्यावर ती गेली हेही स्वतःच तपासता येते, तो प्रकल्प पहिल्यांदा काम करणाऱ्याला सर्वात सोयीचा.

देवनागरी कशी मांडली जाते, एवढे थोडक्यात समजून घ्या. ‘कि’ लिहिताना संगणकात आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते, पडद्यावर मात्र वेलांटी आधी यावी लागते. जोडाक्षरे, रफार, ‘दुसऱ्या’ किंवा ‘वाऱ्यावर’ यातला आडवा र, हे सारे फॉन्टमधल्या नियमांनुसार जुळवावे लागते. हे जुळवण्याचे काम बहुतेक ओपन सोर्स सॉफ्टवेअरमध्ये हार्फबझ नावाची लायब्ररी करते. इंकस्केप आणि गिम्प तिच्यापर्यंत पँगो या लायब्ररीमार्गे पोचतात. क्रिताच्या ५.२ आवृत्तीत, म्हणजे २०२३ मध्ये, मजकूर मांडणारा भाग नव्याने लिहिला गेला आणि तोही हार्फबझवर उभा आहे. ब्लेंडरच्या मजकुरात मात्र देवनागरीची जोडाक्षरे वर्षानुवर्षे नीट जुळत नव्हती. ते काम गाभ्याला हात घालणारे आहे, नवख्याने एकट्याने अंगावर घेऊ नये.

शोध कुठून सुरू करायचा? वाशिमच्या पाटणी चौकातल्या किंवा तुमच्या गावातल्या कोणत्याही डीटीपी सेंटरमध्ये जे काम रोज चालते, तिथून.

*गोल शिक्का.* शाळा, ग्रामपंचायत, पतसंस्था यांचे शिक्के गोल असतात आणि नाव वर्तुळावर फिरवलेले असते. इंकस्केपमध्ये ‘जिल्हा परिषद उच्च प्राथमिक शाळा’ हा मजकूर वर्तुळावर बसवा आणि मोठा करून पाहा. रोमन अक्षरे सुटी असतात, त्यांना वळणावर काही होत नाही. आपली अक्षरे शिरोरेषेने जोडलेली. प्रत्येक तुकडा सरळच राहून वर्तुळावर तिरका बसला की शिरोरेषेत फटी पडतात किंवा टोके एकमेकांवर चढतात. अक्षरांमधले अंतर वाढवले की तीच अडचण सरळ ओळीतही दिसते.

*मराठी ल आणि श.* मराठीतला ल आणि श हिंदीतल्यापेक्षा वेगळ्या वळणाचे असतात. अनेक चांगल्या देवनागरी फॉन्टांत दोन्ही वळणे असतात, पण मजकूर मराठी आहे असे सॉफ्टवेअरने फॉन्टला कळवले तरच मराठी वळण येते. ते कळवले जाते का, वापरणाऱ्याला भाषा कुठून निवडता येते, फाइल जतन करून पुन्हा उघडल्यावर ती निवड टिकते का, हे एकेक सॉफ्टवेअरमध्ये तपासण्यासारखे आहे. इथे ९० तासांच्या प्रकल्पाचे बी सापडू शकते.

*जुन्या फाइली.* जिल्ह्यातल्या छपाईवाल्यांकडे कॉर्लड्रॉच्या फाइलींचे ढीग आहेत. त्या उघडण्यासाठी इंकस्केप लिबसीडीआर ही लायब्ररी वापरते. ती आता लिब्रेऑफिसच्या मंडळींनी २०१४ मध्ये सुरू केलेल्या डॉक्युमेंट लिबरेशन प्रोजेक्टचा भाग आहे. फाइल उघडली तरी पुढची अडचण राहतेच. श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीच्या फॉन्टांत केलेला मजकूर युनिकोड नसतो, म्हणून तो फॉन्ट संगणकात नसला की पत्रिकेच्या जागी रोमन अक्षरे आणि चिन्हांचा गोंधळ दिसतो. निवडलेला मजकूर युनिकोडमध्ये बदलून देणारे इंकस्केपचे पायथन एक्स्टेन्शन हा नेमका, मोजता येणारा प्रकल्प आहे, आणि त्याचा उपयोग तुमच्याच तालुक्यात उद्यापासून होईल.

पोहरादेवीच्या परिसरातले कोणी असेल तर आणखी एक सुचवतो. बंजारा भरतकामातल्या पुनरावृत्त नक्षी इंकस्केपच्या टाइल्ड क्लोन सोयीत उतरवून पाहा. चौकोन, त्रिकोण, आरशातली प्रतिबिंबे एकामागून एक रचताना ही सोय कुठे अवघड जाते, संवाद-चौकट कुठे गोंधळात टाकते, हे नक्षी जाणणाऱ्यालाच कळेल.

चूक सॉफ्टवेअरची की फॉन्टची? तपासायची रीत

1. पाच-सहा वाक्ये तयार करा. त्यात ह्रस्व वेलांटी, रफार, आडवा र, तीन व्यंजनांचे जोडाक्षर, अनुस्वार आणि ॲ-ऑ असू द्या.
2. मुक्त परवान्याचे फॉन्ट घ्या : एक टाइपचे मुक्ता किंवा बालू, राज्य मराठी विकास संस्थेचा यशोमुद्रा. विकतच्या फॉन्टवर चाचणी करून त्याची फाइल कुठेही अपलोड करू नका. तो परवान्याचा भंग ठरतो.
3. तीच वाक्ये, तोच फॉन्ट फायरफॉक्समध्ये आणि लिब्रेऑफिसमध्ये पाहा. दोन्ही हार्फबझ वापरतात. तिथे अक्षर बरोबर आणि तुमच्या सॉफ्टवेअरमध्ये चूक असेल, तर दोष बहुधा त्या सॉफ्टवेअरचा. सगळीकडे चूक असेल तर फॉन्टवर संशय घ्या.
4. ही चूक आधी कोणी नोंदवली आहे का ते शोधा. नोंद असेल तर तिच्याखाली तुमचा नमुना जोडा, नवी नोंद करू नका.
5. नोंदीत आवृत्ती, ऑपरेटिंग सिस्टिम, फॉन्टचे नाव, ‘असे दिसते’ आणि ‘असे दिसायला हवे’ ही दोन चित्रे द्या. देवनागरी न वाचणाऱ्याला कळावे म्हणून चुकलेल्या जागी गोल करा.

एक ताकीद. डीटीपी सेंटरमधली खरी पत्रिका नमुना म्हणून जोडायची असेल तर मालकाची परवानगी घ्या आणि वधूवरांची नावे, पत्ते, मोबाइल नंबर काढून टाका. या नोंदी साऱ्या जगाला दिसतात आणि वर्षानुवर्षे तशाच राहतात.

केलेले काम लोकांपर्यंत कधी पोचते, हेही पाहा

प्रकल्प निवडताना हा प्रश्न कोणी विचारत नाही, म्हणून गिम्पचा इतिहास सांगतो. २०१० च्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने केज ट्रान्सफॉर्म हे साधन केले. ते २०१२ मध्ये २.८ आवृत्तीत लोकांच्या हाती आले. २०११ च्या उन्हाळ्यातले वॉर्प ट्रान्सफॉर्म मात्र २.१० आवृत्तीपर्यंत, म्हणजे २०१८ पर्यंत थांबले. त्याच उन्हाळ्यातले सीमलेस क्लोन तर २.१० मध्येही प्रायोगिक साधनांच्या कप्प्यातच राहिले. तिन्ही विद्यार्थी-प्रकल्प, तिन्ही मेहनतीचे. ब्लेंडरमध्ये रेषाचित्र काढून देणारे फ्रीस्टाइल २००८ च्या समर ऑफ कोडमध्ये सुरू झाले आणि २.६७ आवृत्तीत, २०१३ मध्ये सामील झाले.

उलट उदाहरणेही आहेत. क्रिता अँड्रॉइडवर आणण्याचे काम २०१९ च्या उन्हाळ्यात एका विद्यार्थ्याने हाती घेतले. २०२० च्या उन्हाळ्यात तयार झालेले मायपेंट ब्रश इंजिन क्रिताच्या ५.० आवृत्तीत आले.

यावरून मेंटरला विचारायचे प्रश्न ठरतात : हे काम मुख्य शाखेत तुकड्यातुकड्याने सामील करता येईल का? ते दुसऱ्या कोणत्या अपुऱ्या कामावर अवलंबून आहे का? पुढची आवृत्ती केव्हा अपेक्षित आहे? मी सप्टेंबरनंतर नसलो तर याची देखभाल कोण करेल? चौथ्या प्रश्नावर मेंटर घुटमळला तर प्रकल्प लहान करा. दर दोन आठवड्यांनी एक तुकडा सामील होईल अशी आखणी असली की ऑगस्टच्या शेवटच्या आठवड्यात सगळे एकदम जोडण्याची धावपळ होत नाही, आणि मध्ये परीक्षेने दोन आठवडे खाल्ले तरी आधीचे काम वाया जात नाही.

लॅपटॉप, वीज आणि डेटा

सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर बिल्ड होत नसेल तर प्रपोजल लिहायला बसूच नका. आठ जीबी रॅमच्या साध्या लॅपटॉपवर लिनक्स टाकून इंकस्केप किंवा गिम्प बिल्ड करता येते. पहिल्यांदा वेळ लागतो, चिकाटी ठेवा. ब्लेंडरला जास्त रॅम आणि जागा लागते, शिवाय त्याच्या तयार लायब्ररी उतरवायलाच कित्येक जीबी डेटा जातो.

- पहिला मोठा डाउनलोड कॉलेजच्या लॅबमध्ये उरका. गिटमध्ये पूर्ण इतिहास न आणता फक्त ताजी अवस्था आणण्याची सोय आहे, ती वापरा.
- सीकॅश बसवा. दुसऱ्या खेपेपासून बिल्डचा वेळ बराच वाचतो.
- मे महिन्यात आपल्याकडे पारा चाळिशीपलीकडे जातो आणि वीजही जाते. मोठे बिल्ड रात्री किंवा पहाटे लावा. लॅपटॉपलाही तेच मानवते.
- दिवसाचे काम संध्याकाळी ऑनलाइन शाखेत ढकलून ठेवा. वळवाच्या पावसात तीन दिवस नेटवर्क गेले, तरी काम किती झाले ते मेंटरला दिसेल.

शिकण्यासाठी आयआयटी मुंबईच्या स्पोकन ट्युटोरियल प्रकल्पाचे इंकस्केप, गिम्प आणि ब्लेंडरवरचे धडे उपलब्ध आहेत. ते मोफत आहेत, भारतीय भाषांत आवाज दिलेले आहेत आणि उतरवून ठेवून इंटरनेटशिवायही पाहता येतात.

प्रपोजल लिहिताना

काय हवे ते सांगतो : अडचण कोणती आणि ती कोणाला येते, तिची चित्रे, कोडमधला कोणता भाग तुम्ही वाचला आहे, तुम्ही आजवर दिलेल्या दुरुस्त्या, आठवडावार आखणी, परीक्षेच्या तारखा, आणि वेळ कमी पडला तर कोणता भाग सोडाल. शेवटची बाब बहुतेक जण लिहीत नाहीत. ती असली की लिहिणाऱ्याला कामाचा अंदाज आहे हे मेंटरला कळते.

काय नको तेही. चार पाने स्वतःची स्तुती नको. ‘एआयने आपोआप पार्श्वभूमी काढणारे साधन’ अशी, संस्थेने न मागितलेली भव्य कल्पना नको. चॅटबॉटकडून लिहून घेतलेले प्रपोजल तर मुळीच नको. असे अर्ज आता ढिगाने येतात आणि मेंटर ते ओळखतात. कोड लिहिताना एआयची मदत घेतली असेल तर त्या संस्थेचा त्याबद्दलचा नियम आधी वाचा आणि मदत घेतल्याचे उघड सांगा. सोबतच्या चर्चेत एकेका ओळीचा अर्थ विचारला जाऊ शकतो.

इंग्रजीची भीती मनातून काढा. फ्रान्स, जर्मनी, ब्राझीलमधले कितीतरी विकासकही मोडके इंग्रजीच लिहितात. ‘सर, मला काम द्या’ असा संदेश मात्र पाठवू नका. ‘अमुक नोंद मी वाचली, अमुक फाइलपर्यंत पोचलो, इथे अडलो’ असे खुल्या गटात लिहा. वैयक्तिक संदेशापेक्षा खुल्या प्रश्नाला उत्तर लवकर मिळते. युरोपातल्या मंडळींची संध्याकाळ म्हणजे आपली रात्र, तेव्हा उत्तरासाठी एक दिवस थांबा. दर तासाला आठवण करू नका.

तुमचे हक्क

- इंकस्केप, गिम्प, क्रिता, ब्लेंडर यांत दिलेल्या तुमच्या कोडवर मालकी तुमचीच राहते. तो तुम्ही त्या सॉफ्टवेअरच्या मुक्त परवान्याखाली देता. रेझ्युमेवर त्याचा दुवा देण्याचा पूर्ण अधिकार तुम्हाला आहे.
- मेंटर उत्तरच देत नसेल तर संस्थेच्या समर ऑफ कोड प्रशासकाला लिहा, तरी हालचाल झाली नाही तर गूगलच्या कार्यक्रम-चमूला. हे मूल्यमापनाच्या आदल्या दिवशी नको, पहिल्या गप्प आठवड्यातच करा.
- कोणी अपमानास्पद किंवा अश्लील बोलले, एकट्या मुलीला नको ते संदेश पाठवले, तर संस्थेच्या आचारसंहितेनुसार तक्रार करता येते. संदेशांची चित्रे जपून ठेवा.
- आजारपण, परीक्षा, घरचे संकट यासाठी मुदतवाढ मागता येते. ती मेंटरच्या संमतीने, मूल्यमापनाच्या तारखेआधी मागायची.
- नापास केले तर कारण विचारा. पहिल्या टप्प्याचे मूल्यमापन पार झाले असेल, तर त्या टप्प्याची रक्कम तुमचीच राहते.

कॉलेज आणि बँक

निवड झाल्यावर हे काम इंटर्नशिप म्हणून धरले जाईल का, हे विभागप्रमुखांना मार्चमध्येच लेखी विचारा. सप्टेंबरमध्ये प्रमाणपत्र घेऊन गेलात आणि ‘आधी परवानगी घेतली नव्हती’ असे ऐकावे लागले, तर वाद घालूनही श्रेयांक मिळत नाहीत.

पैसे पेओनीअरमार्फत येतात. पॅनकार्ड आधी काढून ठेवा. आधार, पॅन आणि बँक पासबुकावरचे नाव अक्षरशः एकसारखे करून घ्या. वडिलांचे नाव एकीकडे आहे आणि दुसरीकडे नाही, एवढ्यावरून खाते अडकते. ही रक्कम उत्पन्नात मोजली जाते, म्हणून बँकेतल्या नोंदी जपा आणि घरच्या कर सल्लागाराला दाखवा.

निवड झाली नाही, किंवा वय कमी पडते?

पॉलिटेक्निकच्या पहिल्या-दुसऱ्या वर्षाला बरीच मुले १८ वर्षांखालची असतात. त्यांना समर ऑफ कोडमध्ये अर्ज करता येत नाही, आणि १३ ते १७ वयासाठीची गूगल कोड-इन स्पर्धा २०१९ नंतर बंद झाली. पण दुरुस्त्या पाठवायला वयाची अट नसते. दोन वर्षे बग नोंदवणारा, भाषांतर करणारा, छोट्या दुरुस्त्या देणारा मुलगा अठराव्या वर्षी अर्ज करतो तेव्हा मेंटर त्याला नावाने ओळखत असतात.

बाकीच्यांसाठी आणखी काही वाटा आहेत :

- फॉसी समर फेलोशिप, आयआयटी मुंबई. केंद्र सरकारच्या निधीवर चालते. निवडीसाठी आधी एक काम करून दाखवावे लागते. पोलादी रचनांसाठीचे ऑस्डॅग आणि सर्किटसाठीचे ईसिम इथलेच. सिव्हिल, मेकॅनिकल आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या मुलांना मी हीच वाट आधी सुचवीन.
- सीझन ऑफ केडीई. हिवाळ्यात असते, स्टायपेंड नाही. क्रितासारख्या प्रकल्पांशी ओळख होण्यासाठी आणि पुढच्या समर ऑफ कोडची तयारी म्हणून उत्तम.
- आउटरीची. तंत्रक्षेत्रात ज्यांना भेदभाव सोसावा लागतो त्यांच्यासाठी, वर्षातून दोन फेऱ्या. मुलींनी याची पात्रता अवश्य वाचावी. अर्जात आपली परिस्थिती सविस्तर आणि खरी लिहायची असते.
- एक्स.ऑर्गची एंडलेस व्हेकेशन ऑफ कोड. उन्हाळ्याचे बंधन नाही, त्यामुळे परीक्षेशी जुळवता येते. काम मात्र ग्राफिक्स ड्रायव्हरच्या थरातले आहे, सी भाषा पक्की हवी.

पुढच्या मार्चचा विचार असेल तर या महिन्यात तीनच कामे करा : इंकस्केप उतरवून गावच्या शाळेचा गोल शिक्का त्यात काढा, दिसलेली चूक चित्रांसह नोंदवा आणि सॉफ्टवेअर स्वतःच्या यंत्रावर बिल्ड करून पाहा. बिल्ड करताना आलेला एरर संदेश जसाच्या तसा जपून ठेवा. संस्थेच्या गटात विचारायचा तुमचा पहिला प्रश्न बहुधा त्यातूनच निघेल.